कॅबिनेटचे पंखे आणि रविवारचा तास

मुलगा जर्मनीला गेला तेव्हा त्याने दोन बॅगा नेल्या आणि गेम खेळायचा कॉम्प्युटर मागे ठेवला. तो नेण्यासारखा नव्हताच. गुडघ्यापेक्षा उंच काळं कॅबिनेट, एका बाजूला काच, आत तीन पंखे. दोन पुढून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. मी त्यावर जुन्या साडीचं फडकं टाकलं आणि सहा महिने धूळ झटकण्यापुरताच त्याचा माझा संबंध राहिला.

आमचा मुलगा फोनवर बोलत नाही. म्हणजे उत्तरं देतो. जेवलास का, हो. थंडी आहे का, आहे. ऑफिस कसं, ठीक. तीन मिनिटांत माझे प्रश्न संपतात, मग त्याचे वडील फोन हातात घेतात आणि थंडी आहे का ते पुन्हा विचारतात. मी नवव्या-दहाव्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवलं. एका शब्दाची उत्तरं देणारी मुलं मला नवीन नाहीत, पण ती दुसऱ्यांची असली की सोपं जातं.

एका दिवाळीत त्यानेच सुचवलं, “आई, माझा कॉम्प्युटर पडूनच आहे. आपण दोघं गेम खेळू.” मला हसू आलं, पण मी हो म्हटलं. तो खेळ ट्रक चालवण्याचा आहे. माल भरायचा, घाट चढायचे, पूल ओलांडायचे, दुसऱ्या गावी माल उतरवायचा. तो पुढे, मी मागे. पहिला महिनाभर मी दर वळणाला दरीत गेले. माझ्या दुचाकीच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचा तिथे काडीचा उपयोग झाला नाही. पण एक गोष्ट मला पहिल्याच रविवारी कळली. हात गुंतले की आमचा मुलगा बोलतो.

सगळं बोलतो. साहेब कसा आहे, पोळ्या कशा जळाल्या, पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडायचा तेव्हा घरी परतावंसं कसं वाटायचं. लग्न ठरवल्याची बातमी मला एका पुलावर कळली. दोघांच्या ट्रकमध्ये लाकडं होती आणि पाऊस पडत होता, खेळातला. त्याच्या वडिलांना ती दोन दिवसांनी फोनवर कळली आणि त्यांनी ते अजून मनातून काढलेलं नाही.

तेव्हापासून रविवारी दुपारी चार ते पाच हा तास ठरलेला. उन्हाळ्यात तिकडे साडेबारा वाजलेले असतात. लग्न झालं, सून त्याच्याबरोबर तिकडे राहायला गेली, तरी तास चालू राहिला. माझा हिशेब साधा होता. परक्या देशात माणूस लग्नानंतरही एकटा पडू शकतो, आणि हा एक तास मी त्याला देते. त्यासाठी मी लग्नं, बारशी, भिशी, सगळं रविवारी चारच्या आधी किंवा पाचच्या नंतर ठेवलं. कॉम्प्युटरची घरघर पहिल्यापासून होतीच. मी हेडफोन एकाच कानावर लावते, दुसरा कान दारावरच्या बेलसाठी मोकळा ठेवते, त्यामुळे ती घरघर त्याच्या आवाजात कायम मिसळलेली असायची. मला तिची सवय होती.

मार्च संपता संपता कॉम्प्युटर बंद पडू लागला. पहिल्यांदा झालं ते एका उतारावर. ट्रकमध्ये सिमेंट होतं, समोर त्याचे मागचे लाल दिवे दिसत होते, आणि पडदा काळा झाला. लगेच त्याचा फोन आला.

“आई, कुठे गेली तू?”

“दरीत नाही गेले. मशीनच बंद झालं.”

“गरम झालं असेल. घरात किती आहे?”

खोलीत चाळीस होतं. पुढच्या रविवारी वीस मिनिटं चाललं, त्याच्या पुढच्या रविवारी बारा. मग तो म्हणाला, “राहू दे आई. उन्हाळा जाऊ दे. जुलैत सुरू करू परत.”

जुलै हा शब्द मला आवडला नाही. शाळेत मी हे फार पाहिलं होतं. मूल उन्हाळ्यापुरतं शिकवणीला येणं थांबवतं, घरचे म्हणतात, जुलैत येईलच, आणि जुलैत ते रस्त्यात भेटलं तर नजर चुकवून दुसऱ्या फुटपाथवर जातं. कुणाचा दोष नसतो, फक्त सवय मोडलेली असते. मला जुलैपर्यंत थांबायचं नव्हतं. हा तास गेला तर माझ्या हाती तीन मिनिटांचा फोन उरणार होता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी हे घरात बोलून दाखवलं आणि तिथेच चुकले. आमचे हे शेतकी खात्यातून निवृत्त झाले आहेत, मूळचे उमरेडकडचे. उन्हाळ्यावर त्यांच्याकडे एकच इलाज आहे, तो म्हणजे कूलर. होळी झाली की ते माळ्यावरून कूलर काढतात, जुनं गवत फेकतात, खस म्हणजे वाळा भरतात, पंपाला तेल-पाणी करतात आणि चार महिने त्यांच्याइतका सुखी माणूस मोहल्ल्यात नसतो. पाहुणा आला, त्याच्याकडे कूलर वळव. भाजी सुकते, तिच्याकडे वळव. एकदा शेजाऱ्यांचा पोपट धापा टाकत होता तर हे पिंजऱ्यासाठी छोटा कूलर बनवायला बसले होते.

“यात डोकं काय खाऊन राहिली तू?” ते मला म्हणाले. “त्याले गरमी होऊन राहिली. कूलरसमोर ठेव.”

“अहो, ते यंत्र आहे.”

“मंग? यंत्राले गरमी होत नाही का?”

त्यांनी कॅबिनेटची काच काढली, कूलर दोन हातांच्या अंतरावर आणून उभा केला आणि बटण दाबलं. आणि काय सांगू, चाललं. दोन रविवार पूर्ण तास झाला. मुलगा म्हणाला, कमाल आहे, काय केलं? मी म्हणाले, बाबांनी दुरुस्त केलं. कूलरबद्दल मी बोलले नाही. आमचे हे त्या दोन आठवड्यांत घरभर असे फिरत होते की जणू कॉम्प्युटर यांनीच शोधून काढला.

तिसऱ्या रविवारी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. आत डोकावले. आमच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते बादलीच्या कडेला दिसतंच. तेच क्षारांचं पांढरं आता हिरव्या बोर्डावर, तारांवर, पंख्यांच्या पात्यांवर पसरलं होतं. खसच्या काड्या एका पंख्यात गुंडाळल्या होत्या. वास मात्र छान येत होता.

मी ऑटो करून ते कॅबिनेट मांडीवर घेऊन सीताबर्डीवरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. हे बरोबर यायला निघाले होते, मी येऊ दिलं नाही. दुकानदाराने काच काढली, वाकून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काकू, याले कूलर लावला काय?”

मी पदराने काच पुसू लागले.

“लाजू नका. दर उन्हाळ्यात येतेच असे. बाहेरगावच्या माणसाले सांगतलं तर खरं नाही वाटत. अवं काकू, कूलरची हवा ओली राहते. आपल्याले चालते ते, याले नाही चालत. याले कोरडी हवा पाहिजे आन् ती बाहेर जायले रस्ता पाहिजे.”

“रस्ता मला कळतो,” मी म्हणाले. “कूलर लावला की समोरची खिडकी उघडावी लागते.”

“बस, तेच. पुढून घ्या, मांगून काढा. तुमाले तर सगळंच समजते, मंग काहून असं केलं?”

बोर्ड वाचला. ते माझं नशीब की त्याचं कौशल्य, मला सांगता येणार नाही. पुढचे दोन पंखे मात्र गेले होते. त्याने नवे बसवले, सगळं कोरडं करून पुसलं, प्रोसेसरवरचा उष्णता बाहेर नेणारा लेप वाळला होता, तो नवा केला. चार दिवसांनी मी ते घरी आणलं आणि सुरू केलं. हे बाहेरच्या खोलीतून धावत आले.

“काय पडलं?”

काही पडलं नव्हतं. नवे पंखे फिरत होते. ते कायम पूर्ण वेगाने फिरत होते, काही काम असो नसो. मशीन गार राहिलं यात शंका नाही. पण रविवारी मुलगा म्हणाला, “आई, तू पिठाच्या गिरणीत बसलीस का?” आणि मी म्हणाले, “काय?” तास पूर्ण झाला, बंद एकदाही पडलं नाही, आणि त्या तासात आम्ही दोघांनी “काय?”, “काय म्हणालास?”, “जाऊ दे”, एवढंच केलं. शेवटी तो बोलायचाच थांबला. ट्रक चालले, गप्पा गेल्या. मला ट्रकशी काही देणंघेणं नव्हतं.

मी दुकानदाराला फोन लावला. त्याने मला कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरायला सांगितलं. निळा पडदा आला आणि त्यावर एक आलेख आला. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग, मध्ये पाच ठिपके, आणि ते ठिपके बोटाने, म्हणजे माउसने, वरखाली हलवता येत होते. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं की आलेखाशी संबंध संपला. तीस वर्षं मुलं मला विचारायची, बाई, याचा पुढे उपयोग काय? मी म्हणायची, होतो. मला स्वतःलाच माहीत नव्हतं कुठे होतो.

पण मी ठिपके कुठेही नेले तरी पंखे तसेच बोंबलत होते. दोन दिवस मी बोर्डालाच दोष दिला. मग दुकानदाराने विचारलं, पंख्याच्या तारेला पिना किती? मी टॉर्च घेऊन पाहिलं. तीन होत्या. जुन्या पंख्यांना चार होत्या. चौथ्या तारेवरून बोर्ड पंख्याला वेग सांगतो. या नव्या पंख्यांना ती तारच नाही, त्यामुळे सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्यांना हळू करायचं तर वीजच कमी द्यायची. त्यासाठी त्याच निळ्या पडद्यावर एक पर्याय बदलावा लागतो. तो बदलला आणि खोलीतला आवाज असा उतरला की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज मला ऐकू आला.

तरी पुरतं जमलं नव्हतं. पंखे आता हळू व्हायचे, मग एकदम चढायचे, परत उतरायचे, दर मिनिटाला तेच. प्रोसेसरचं तापमान क्षणात वर जातं, क्षणात खाली येतं, आणि पंखे त्याच्यामागे धावत होते. वर्गात अशी मुलं असतात, पुढच्याने हात वर केला की हेही करतात. मी पुढच्या दोन पंख्यांना प्रोसेसरकडे बघणं सोडायला लावलं आणि बोर्डाच्या तापमानाकडे बघायला लावलं. ते हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं, उगाच घाबरत नाही. मग ठिपके. तीस टक्क्यांखाली पंखा थरथरून थांबतो, म्हणून सुरुवात चाळीसवर. पंचावन्न अंशांपर्यंत सपाट, तिथून चढ, सत्तरला पूर्ण. रोज दुपारी थोडा वेळ मी एकटीच ट्रक चालवायची, वहीत आकडे लिहायची आणि एखादा ठिपका एखाद-दोन घरं सरकवायची.

“हे काय करून राहिली तू रोज?” यांनी विचारलं.

“आलेख.”

“अवं, रिटायर झाली ना तू?” ते म्हणाले आणि कूलरसमोर जाऊन बसले. माझ्या खोलीत कूलर आता बंद. सकाळपासून पडदे ओढून ठेवायचे, दार लावून घ्यायचं, छताचा पंखा एकवर, आणि तासभर मानेवर ओला टॉवेल. घाम यायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मे संपत आला तेव्हा एका रविवारी सगळं जुळून आलं. चार वाजता आम्ही निघालो. बोर्ड एकावन्न अंशांवर, पंखे चाळीस टक्क्यांवर. मुलगा म्हणाला, “आई, आज काही आवाजच नाही. बंद करून ठेवले की काय पंखे?” मी त्याला सगळं सांगितलं, पिना, चौथी तार, पाच ठिपके. तो म्हणाला, “तू ग्रेट आहेस.” मी खूश झाले. उगाच नम्रपणा करत नाही, फार खूश झाले. त्याचा आवाज इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

अर्धा तास झाला असेल. मोठा घाट होता, चढ संपत नव्हता, दोघंही गप्प होतो. हेडफोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला. मग सुनेचा, लांबून, हळू.

“भात गार होतोय रे. अजून किती वेळ?”

“वीस मिनिटं,” मुलगा म्हणाला. तो माइकपासून तोंड वळवून बोलत होता. “थांब ना जरा.”

“दर रविवारी हेच.”

“माहिती आहे. पण तिला तिथे दुसरं काय आहे? एक तास तर आहे.”

दार लागलं. खुर्ची करकरली. आणि मग तो मला म्हणाला, नेहमीच्या हसऱ्या आवाजात, “आई, पुढे डावीकडे वळण आहे. सांभाळून.”

वळण मी सांभाळून घेतलं. पाच वाजेपर्यंत खेळले, माल उतरवला, बरंय म्हटलं आणि कॉम्प्युटर बंद केला. मग टॉवेल मानेवर तसाच ठेवून बसून राहिले.

त्यांच्यापैकी कुणीच काही वाईट बोललं नव्हतं. सुनेचा मला राग आला नाही. आठवड्यातली एक सुट्टी, त्यात दुपारचं जेवण, आणि नवरा सासूबरोबर ट्रक चालवतो आहे. मी असते तर इतक्या हळू विचारलं नसतं. मुलाचाही राग आला नाही. त्याच्या शब्दांत माया होती, ती मला ऐकू आली. पण मला लाज वाटली आणि वाईट वाटलं, दोन्ही खूप. मी समजत होते की मी त्याचा एकटेपणा घालवते आहे. तो तिकडे बायकोला थांबवून माझा घालवत होता. किती रविवार हे चाललं असेल? माझ्याकडे तेव्हा घरघर होती, म्हणून मला कळलं नाही.

हे खोलीत डोकावले. “आज आवाज नाही आला तुझ्या मशीनचा.”

“नाही आला.”

“मंग जमलं तुले,” ते म्हणाले. “मी म्हनलं नव्हतं का, जमते तुले सगळं.” आणि चहा टाकायला गेले. यांना मी काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

त्या आठवड्यात मी दोनदा ठरवलं की आता पुरे. त्याला सांगायचं, बाबा रे, मला कंटाळा आला, तू जेवत जा वेळेवर. वाक्य तयार होतं. बुधवारी फोनवर तो आला, जेवलास का, हो, ऑफिस कसं, ठीक. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. त्याऐवजी मी म्हणाले, “रविवारी मला साडेपाच बरं पडेल. चारला फार ऊन असतं.”

“चालेल आई,” तो लगेच म्हणाला. “ते बरंच होईल.”

साडेपाच म्हणजे तिकडे दोन. तोपर्यंत त्यांचं जेवण होतं.

रविवारी सव्वापाचला मी कॉम्प्युटर सुरू केला, बटण दाबून धरलं आणि तो निळा पडदा उघडला. पाचही ठिपके एकेक करून अगदी वर नेले. आलेखाची आडवी रेघ झाली. माझ्या वर्गात कुणी असा आलेख काढला असता तर मी विचारलं असतं, यात बदलतंय काय? जतन केलं, बाहेर आले. पंखे चढले. आता तिकडचं दार उघडलं तरी मला ऐकू येणार नव्हतं. बाहेरच्या खोलीतून यांनी काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.

साडेपाचला मुलगा आला. त्याचा ट्रक माझ्यापुढे उभा होता.

“आई, पंखे परत बिघडले का?”

“हो,” मी म्हणाले. “तू मोठ्यानं बोल.”